सीटमागची टाकी

आमच्या दादाचं नाक हाच आमच्या शेडचा बोर्ड होता. खरा बोर्ड गंजून पडला त्याला बारा वर्षं झाली. नवा लावायचं कोणाच्या मनातही आलं नाही, कारण लोक पत्ता विचारताना, तो वासावरून रंग ओळखणारा कुठे बसतो, असंच विचारायचे. जुन्या गाडीच्या पत्र्यावर दादा पॉलिश पेपरचा तुकडा चार वेळा घासायचा, ती जागा अंगठ्यानं चोळून गरम करायचा, वाकून वास घ्यायचा आणि सांगून मोकळा व्हायचा: हा झटपट वाळणारा रंग, हा सावकाश वाळणारा, हा कोणा शहाण्यानं घरी ब्रशनं फासलेला. कधी चुकला नाही. निदान मी तरी त्याला चुकताना पाहिलं नव्हतं, आणि त्याच्या चुका बघायला मी कायम टपलेली असते हे त्यालाही ठाऊक आहे.

मी त्याची धाकटी बहीण. गाड्यांच्या सीट शिवते. शेडच्या एका टोकाला त्याचं पत्राकाम आणि रंगकाम, दुसऱ्या टोकाला माझं मशीन, रेक्झिनचे रोल, फोम आणि चिकटवायच्या सोल्यूशनचे डबे. मध्ये काचेची केबिन, तिच्यात वहिनी. फोन, सुटे भाग आणि गिऱ्हाइकांशी गोड बोलणं ही कामं तिची, कारण गोड बोलणं आम्हा भावंडांच्या रक्तातच नाही. दादा मला टाचणी म्हणतो. आधी बारीक होते म्हणून म्हणायचा, आता टोचते म्हणून म्हणतो. एकतीस वर्षं आम्ही समोरासमोर बसून काम करतोय. त्यानं मान वर केली की त्याला मी दिसते, मी मान वर केली की मला तो. भांडतो तेही हातातलं काम न सोडता.

माणूस हट्टी. रंग मारताना तोंडाला फडकं बांध, मास्क लाव, म्हणून वहिनीनं डोकं आपटलं. त्याचं एकच उत्तर, नाक झाकलं तर मग मी काय डोळ्यांनी वास घेऊ? थिनरचा धूर शेडभर तरंगायचा आणि हा पठ्ठ्या त्यात बागेत फिरल्यासारखा फिरायचा. आम्हाला त्याचं कौतुक होतं. आज त्या कौतुकाची मला चीड येते.

तर ती पिकअप आमच्याकडे आली ती दोरानं बांधून, ओढत. मालक दातांचे डॉक्टर, पन्नाशीचे, फार सभ्य. गाडी त्यांच्या वडिलांची. वडील पाण्याचे पंप बसवायचे, आणि तरुणपणी त्यांनी या पिकअपचं रूपच पालटून टाकलं होतं. छप्पर चार बोटं कापून खाली घेतलेलं, पुढची जाळी दुसऱ्याच कुठल्या गाडीची, दोन रंग, आणि दरवाजावरून मागे निमुळती होत गेलेली पट्टी. नंतर गाडी तीन हातांतून फिरली. प्रत्येकानं आपली अक्कल पाजळली, एकानं तर तिला भाजीच्या टेम्पोसारखी पिवळी करून टाकली. शेवटी डॉक्टरांनी ती शोधून परत घेतली होती. त्यांच्याकडे एक काळापांढरा फोटो होता. वडील गाडीला टेकून उभे, आणि खिडकीत एका बाईचं नुसतं कोपर. ते कोपर डॉक्टरांच्या आईचं. आई आता त्र्याऐंशीच्या. त्यांना एकदा त्या गाडीत त्याच जागी बसायचं होतं, आणि डॉक्टरांना गाडी थेट त्या फोटोसारखी हवी होती, एक खिळाही वेगळा नको.

फोटोत वडिलांच्या कोपराशी, दरवाजाच्या मागे, पेट्रोल भरायचं झाकण दिसत होतं. दादानं भिंग लावून ते पाहिलं. जुन्या पिकअपची टाकी असायची कुठे, तर केबिनमध्येच, सीटच्या पाठीला चिकटून. बसणाऱ्याच्या पाठीत आणि पेट्रोलमध्ये काय ते माझं रेक्झिन आणि चार बोटं फोम. मधल्या मालकांपैकी एकाला तेवढी एक अक्कल होती, त्यानं टाकी काढून मागच्या हौद्याखाली नेली होती आणि झाकणाचं भोक पत्रा ठोकून बंद केलं होतं. वहिनी म्हणाली की टाकी राहू दे खाली, वर नुसतं खोटं झाकण लावू. डॉक्टर विचारात पडले. तेवढ्यात दादाच म्हणाला, खोटं काही लावायचं नाही, टाकी होती तिथेच जाईल. मला ते तेव्हाच पटलं नव्हतं. पण मी म्हटलं ते वेगळंच. म्हटलं, तुमची टाकी बसली की मग मला सीटची मापं द्या, उगाच माझा माल वाया घालवू नका.

कामाला सुरुवात झाली आणि महिन्याभरात मला काहीतरी खुपायला लागलं.

पहिल्यांदा दूध. केबिनच्या मागे आमची छोटी शेगडी आहे. वहिनी दूध ठेवून पोस्टात गेली. दादा शेगडीपासून दोन हातांवर बसून पुढची जाळी घासत होता. वहिनी परत आली ती आरडाओरडा करतच. पातेल्यात दुधाचा कोळसा झालेला, धूर छपराला लागलेला, आणि दादा पाठ करून जाळी घासतोय. माझं सोडा, मशीनवर बसले की मला जगाचं भान नसतं. पण तो? रंगातली भेसळ वासावरून पकडणारा माणूस? वहिनीनं त्याला दिवसभर फैलावर घेतलं. तो हसत राहिला, म्हणाला, ध्यान नव्हतं.

मग छप्पर. छपराच्या आतल्या बाजूला मूळ रंग शिल्लक होता. त्यानं नेहमीसारखं घासलं, चोळलं, वास घेतला आणि सांगितलं, झटपटवाला आहे. त्यावर झटपटवालाच मारला. रात्रभर ठेवून सकाळी पाहतो तर सगळं छप्पर आतून सुरकुतलेलं, दुधावरची साय बोटानं ओढावी तसं. हे कधी होतं, तर खाली सावकाश वाळणारा रंग असला की. शिकाऊ माणसाची चूक. दादानं थिनर विकणाऱ्याला फोनवर दोन शिव्या घातल्या आणि सगळं खरवडून पहिल्यापासून केलं. मी सुई दाताखाली धरून बघत बसले. थिनर विकणारा बिचारा तोच होता, माल तोच होता.

दोन दिवस मी स्वतःला समजावलं. म्हटलं वय झालं, सर्दी असेल, लक्ष नसेल. तिसऱ्या दिवशी माझ्यातल्या टाचणीनं काही मला गप्प बसू दिलं नाही. नवी कोरी बाटली घेतली, तिच्यात नळाचं पाणी भरलं, बूच लावलं आणि त्याच्यापुढे नेऊन ठेवली. म्हटलं, दुकानदारानं नव्या थिनरचा नमुना पाठवलाय, बघ जरा. त्यानं बूच काढलं. डोळे मिटून, मान तिरकी करून, अगदी पूर्वीसारखा वास घेतला. मला वाटलं आता ही बाटली माझ्या डोक्यात घालणार.

"जरा सौम्य आहे," तो म्हणाला. "पण चालेल."

मी बाटली उचलली, मोरीत गेले, पाणी ओतून दिलं आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. आमच्या कामात नाक म्हणजे नुसती हौस नाही. कुठे थिनर सांडलंय, कुठे टाकी पाझरतेय, कुठे वायर तापून वितळतेय, हे आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना. आणि या माणसाला काहीच कळत नव्हतं. तो आता जुनी टाकी दुरुस्त करून एका म्हातारीच्या पाठीशी बसवणार होता.

तुम्ही म्हणाल, मग बोलली का नाहीस? इतर वेळी तर तोंडाचा पट्टा चालू असतो! सांगते. वहिनीला सांगितलं असतं तर तिनं त्याच संध्याकाळी शेडला कुलूप ठोकलं असतं. चूकही नव्हतं तिचं. पण दादाला मी जन्मापासून ओळखते. लोक लांबून गाड्या घेऊन येतात ते त्याच्या नाकासाठी. ते गेलं हे त्याच्या तोंडावर बोलून दाखवणं म्हणजे तू संपलास असं सांगणं. माझी जीभ रेटेना. भित्रेपणाच तो, दुसरं काही नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की ही एक गाडी पार पडेपर्यंत त्याच्या नाकाच्या जागी माझं नाक. तो जे जे हाताळेल ते मी मागून तपासायचं, त्याला न कळवता. गाडी गेली की मग बोलू.

तशी मी त्याच्या मागे मागे फिरायला लागले. तो डबा बंद करून गेला की मी झाकण उघडून वास घ्यायची. तो जेवायला बसला की मी गाडीखाली वाकायची. वहिनीनं विचारलं, काय हरवलंय तुझं? म्हटलं, कात्री.

टाकी भंगारातून आणली होती. बरोबर त्याच घाटाची, पण वरच्या कडेला सांध्यावर बारीक फट. ती फट कथील वितळवून बुजवायची, आमच्यात त्याला डाग देणं म्हणतात. डाग द्यायचा म्हणजे ज्योत. म्हणून आधी टाकी साबणाच्या कढत पाण्यानं दोनतीनदा धुवायची, तोंडाला नाक लावून आत पेट्रोलचा मागमूस नाही याची खात्री करायची, मग फटीच्या खालपर्यंत पाणी भरायचं आणि मगच ज्योत जवळ न्यायची. मी आदल्या दिवशी त्याला म्हटलं, हे काम रेडिएटरवाल्याकडे दे, तो रोज हेच करतो. दादा म्हणाला, रेडिएटरवाला कालचा पोरगा आहे. त्या पोरग्याचं वय बावन्न.

त्यानं टाकी तीनदा धुतली. तोंडाला नाक लावलं, डोळे मिटले. मग तो उठला, हात पुसले आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाला, टाचणी, बघ गं, धुतली गेली का नीट. असं तो मला कधी विचारत नाही. मी लगबगीनं गेले, गुडघ्यावर बसले, टाकीच्या तोंडाशी नाक नेलं आणि खोल श्वास घेतला. काही नव्हतं. धुतलेल्या पातेल्याइतकी साफ. तीनदा हुंगलं. मान वर केली तर तो माझ्या तोंडाकडेच बघत उभा होता.

"साफ आहे," मी म्हटलं.

त्यानं पाणी भरलं, ज्योत पेटवली, कथील लावलं. पहिला डाग बसला, दुसरा बसला, आणि तिसऱ्याला टाकीच्या तोंडातून भप्प करून निळी जीभ बाहेर आली. आवाज फार मोठा नव्हता, जाड पुस्तक जमिनीवर पडावं एवढाच. दादा मागे कोसळला. त्याच्या भुवया गेल्या, पुढचे केस गेले, डोळे वाचले. वहिनी केबिनमधून धावत आली आणि रडायलाच लागली. मी मात्र त्याच्यावर तुटून पडले. पाणी कमी भरलंस, घाई केलीस, म्हातारचळ लागलाय तुला, असं नाही नाही ते बोलले. घाबरले की मी अशीच बोलते. तो भुवया नसलेल्या चेहऱ्यानं माझ्याकडे बघत राहिला.

चार दिवसांनी त्यानं टाकी पुन्हा धुतली, या वेळी सातदा, आणि डाग पुरे केले. काठोकाठ पाणी भरून दोन दिवस खाली कोरडा कागद पसरून ठेवली. कागद कोरडाच राहिला. मग टाकी केबिनमध्ये चढली, वर पट्टे आवळले गेले, पत्रा कापून झाकणाचं भोक पुन्हा उघडलं. थोडं पेट्रोल घालून इंजिन सुरू झालं, तेव्हा वहिनीनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. मी सीट शिवली, फोटोत दिसते तशी, उभ्या पन्हळींची, पांढऱ्या गोटाची. कापलेल्या छपरामुळे आत इतकी अडचण की अर्धं चिकटकाम केबिनमध्ये आडवं पडूनच करावं लागलं. पाठीला टाकीचा गार पत्रा लागायचा. मी अधूनमधून मान वळवून हुंगत होते. काही नव्हतं. म्हटलं, चला, निभावलं.

गाडी मात्र बघण्यासारखी झाली होती. गडद निळा आणि सायीचा रंग. बाकी ठिकाणच्या थरांखालून दादानं ते नाकानं नाही, डोळ्यांनी शोधून काढले होते. घासून घासून रंगांची वर्तुळं पाडली, सगळ्यात आतलं वर्तुळ निळं निघालं. फोटो शेजारी धरला की कळायचं नाही कुठलं जुनं आणि कुठलं नवं. दादा गाडीभोवती फिरायचा आणि पुन्हा फिरायचा. गाडीसमोर तो खूश होता, आणि मी त्याच्याकडे बघून खूश होते.

डॉक्टर आईला घेऊन आले ती सकाळ. वहिनी नंबरप्लेट आणायला गेली होती. दादा पहाटेच पंपावर जाऊन आला होता, डॉक्टरांनी टाकी फुल करायला सांगितली होती म्हणून. पट्टे आवळल्यापासून टाकी पहिल्यांदाच भरली होती, पेट्रोल वरच्या सांध्यावरच्या डागांपर्यंत पोचलं होतं. मग धूळ नको म्हणून त्यानं काचा वर करून गाडी शेडच्या दारात उन्हात लावली. मी जाताना एकदा दार उघडून आत डोकं घातलं, हुंगलं, दार लावलं.

आजी काठी टेकत आल्या. गाडीपाशी येऊन त्यांनी पत्र्यावर हात फिरवला, दरवाजावरच्या पट्टीवरून बोट पार टोकापर्यंत नेलं. डॉक्टर लांब उभे राहून मोबाइलवर सगळं टिपत होते. दादानं दार उघडलं, आजींना हाताला धरून वर चढवलं. काच खाली केली. त्यांनी कोपर खिडकीवर ठेवलं, फोटोतल्यासारखं. डॉक्टरांनी मोबाइल खिशात टाकला, दुसऱ्या बाजूनं स्टिअरिंगशी येऊन बसायला निघाले.

"पेट्रोलचा वास येतोय," आजी म्हणाल्या.

दादानं टाकीकडे पाहिलं नाही. आजींकडेही नाही. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी चार पावलांवर उभी होते, सुखानं, हाताची घडी घालून. त्यानं माझा चेहरा बघितला आणि निवांत झाला.

"नवं काम आहे, आजी," तो म्हणाला. "सोल्यूशनचा वास आहे तो. बसा तुम्ही."

डॉक्टरांनी दुसरं दार उघडलं आणि पाऊल आत टाकता टाकता नाकाला रुमाल लावला. किल्ली त्यांच्या दुसऱ्या हातात होती. दोन माणसांना वास आला होता, आणि आम्हा दोघांना नाही. मी धावले, आजींच्या मागून सीटच्या पाठीत हात खुपसला. मी बसवलेला फोम भिजून चिंब झाला होता. हात कोपरापर्यंत ओला बाहेर आला.

"किल्ली लावू नका," मी डॉक्टरांना म्हटलं. "आधी त्यांना उतरवा."

आजींना खाली घेतलं, शेडपासून लांब नेऊन खुर्चीवर बसवलं. डॉक्टर आईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, तिच्या साडीचा पदर मागून ओला होता. दादा गाडीच्या उघड्या दारात तसाच उभा. मी त्याच्यापाशी परत गेले. ओला हात नाकाशी धरला. नळाखालून काढल्यासारखा हात, नुसता गार. तेव्हा ती टाकी, ते दूध, ते हुंगत फिरणं, सगळं एकदम अंगावर आलं. त्या दिवशी टाकीत पेट्रोल होतं. मी साफ आहे म्हणाले आणि त्यानं ज्योत लावली.

"तू तोंड वाकडं केलं नाहीस," दादा म्हणाला. आवाज अगदी खाली. "तीन वर्षं झाली माझं नाक जाऊन. तुझ्या तोंडाकडे बघूनच चालवतोय मी. तू तोंड वाकडं केलं नाहीस, म्हणून मी म्हटलं, बसा."

"दादा," मी म्हटलं, "मलाही येत नाहीये."

त्याला आधी कळलंच नाही. मग त्यानं माझा तो ओला हात मनगटाला धरून स्वतःच्या नाकाशी नेला, डोळे मिटले, मान तिरकी केली, आणि खोल, फार खोल श्वास घेत राहिला.